हरवलेले इतिहास, उरलेले तुकडे : रोमन आणि केल्ट यांच्याबद्दल वाचायला बसताना

पोसिडोनिअस या ग्रीक लेखकाने ५२ भागांचा इतिहास लिहिला होता. त्यातला एकही भाग आज शिल्लक नाही. तरीही गॉलमधले, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधले, केल्ट कसे जेवत, कसे लढत, कोणाला मान देत याबद्दल कुठलंही पुस्तक उघडा, त्याचं नाव हमखास भेटतं. कारण त्याचं लिखाण इतरांनी आपापल्या पुस्तकांत उतरवून घेतलं. कोणी चार ओळी घेतल्या, कोणी चार पानं, आणि कोणी नाव न सांगताच घेतली.

प्राचीन इतिहासलेखनाचा मोठा भाग असाच, दुसऱ्याच्या पुस्तकात राहून टिकला आहे. या उरलेल्या उताऱ्यांना अभ्यासक ‘तुकडे’ म्हणतात. फुटलेल्या माठाची खापरी जमिनीत जशी पडली तशी राहते, या तुकड्यांचं मात्र तसं नाही. ते कोणीतरी निवडलेले असतात, कशासाठी तरी निवडलेले असतात, आणि बरेचदा निवडताना बदललेलेही असतात. म्हणून तुकडा हाती आला की त्यात काय लिहिलंय याच्या आधी तो कोणी आणि कशापायी जपला, हे विचारायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या या एकाच सवयीसाठी आहेत.

आधी केल्ट म्हणजे कोण ते थोडक्यात. ग्रीक लेखक ‘केल्टोई’ किंवा ‘गॅलाटाय’ म्हणतात, रोमन ‘गॅली’ म्हणतात; खाली ‘गॉल’ म्हटलंय ते हेच लोक. आजचा फ्रान्स, उत्तर इटलीतलं पो नदीचं खोरं, डॅन्यूबचा काठ, आणि इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून आजच्या तुर्कस्तानच्या मध्यभागातला गॅलेशिया, इतक्या दूरदूरच्या लोकांना ही नावं लावलेली दिसतात. त्यांनी स्वतः इतिहास लिहून ठेवला नाही. सीझर सांगतो की ड्रुइड, म्हणजे त्यांचे पुरोहित, आपली विद्या लिहून ठेवणं अयोग्य मानत, मात्र इतर व्यवहारांसाठी ग्रीक लिपी वापरत. म्हणजे केल्टांविषयीची आपली जवळजवळ सगळी कथनं त्यांच्याशी लढलेल्या, त्यांच्याशी व्यापार केलेल्या किंवा त्यांना नुसतं ऐकून माहीत असलेल्या माणसांची आहेत.

पायरी १ : प्रश्न लहान घ्या

‘केल्ट लोकांचा इतिहास’ हा विषय घेऊन बसलात तर महिन्याभरात कंटाळाल. त्याऐवजी एक प्रसंग, एक चालरीत किंवा एक लढाई घ्या. गॉलांनी रोम शहर घेतलं, त्याचा सर्वात जुना उल्लेख कोणाचा? हा प्रश्न छोटा दिसतो, पण त्यातून काय निघतं बघा.

रोमन परंपरेत ही घटना इ.स.पू. ३९० ची. ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस ती ग्रीक घडामोडींशी जोडतो, त्या हिशेबाने ती तीन-चार वर्षं अलीकडे, इ.स.पू. ३८७-३८६ च्या सुमारास येते. रोमन इतिहासकार लिव्हीने तिचं भरजरी वर्णन केलं, पण ते साडेतीनशे वर्षांनंतर. मग जवळच्या काळातलं काय आहे? रोमन लेखक प्लिनी सांगतो की थिओपॉम्पस या ग्रीक इतिहासकाराच्या आधी रोमचा उल्लेख कोणी केला नव्हता, आणि त्यानेही गॉलांनी ते शहर घेतलं एवढंच म्हटलं. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने लिहिलेल्या कॅमिलस या रोमन सेनापतीच्या चरित्रात आणखी दोन तुकडे आहेत. पॉन्टसच्या हेराक्लिडीसने लिहिलं होतं की हायपरबोरिअन, म्हणजे ग्रीक दंतकथांतल्या दूर उत्तरेच्या, लोकांच्या मुलखातून आलेल्या सैन्याने ‘रोम नावाचं ग्रीक शहर’ घेतलं, आणि ते शहर मोठ्या समुद्राच्या काठी कुठेतरी आहे. ॲरिस्टॉटलला केल्टांनी शहर घेतल्याची बातमी ठीक कळली होती, पण शहर वाचवणाऱ्याचं नाव तो लुशिअस देतो. कॅमिलसचं नाव मार्कस होतं, असं प्लुटार्क लगेच टोकतो.

तीन ओळींचे तीन तुकडे. पण घटनेनंतरच्या काही दशकांत ग्रीसमध्ये ही बातमी कोणत्या रूपात पोचली होती, ते त्यांतून दिसतं. लिव्हीची सबंध कथा वाचूनही ते दिसणार नाही.

पायरी २ : दोन नावं, दोन काळ

वहीत प्रत्येक तुकड्यापुढे दोन रकाने करा. एकात मूळ लेखक, म्हणजे ज्याचं पुस्तक हरवलं तो. दुसऱ्यात वाहक लेखक, म्हणजे ज्याच्या पुस्तकात तो तुकडा टिकला तो. दोघांचाही काळ लिहा, आणि शक्य असेल तर घटनेचाही.

मिलेटसचा हेकाटिअस इ.स.पू. ५०० च्या आसपासचा. ‘नायरॅक्स, केल्टांचं शहर’ ही त्याची नोंद आपल्याला मिळते ती बायझँटियमच्या स्टेफॅनसकडून, आणि स्टेफॅनस इसवी सनाच्या सहाव्या शतकातला. मध्ये हजार वर्षं गेली. स्टेफॅनस गावांच्या नावांचा कोश करत होता, त्यामुळे त्याने नाव ठेवलं आणि भोवतालचं सगळं गाळलं. हे नायरॅक्स नेमकं कुठे होतं, यावर आजही एकमत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हा प्रकार अगदीच अनोळखी वाटू नये. मेगॅस्थेनिसची ‘इंडिका’ अशीच हरवली आहे, आणि ती ज्यांच्या पुस्तकांत तुकड्यातुकड्यांनी उरली ते भूगोलकार स्ट्रॅबो आणि इतिहासकार डायोडोरस व अ‍ॅरिअन हेच केल्टांच्या बाबतीतही वाहक म्हणून पुढे येतात. श्वानबेक यांनी १८४६ मध्ये मेगॅस्थेनिसचे तुकडे एकत्र केले आणि १८७७ मध्ये मॅक्क्रिंडल यांनी त्यांचं इंग्रजी भाषांतर छापलं. चंद्रगुप्ताच्या पाटलीपुत्राचं वर्णन ज्यांनी त्या पुस्तकातून वाचलंय, त्यांनी हे काम नकळत आधीच केलेलं आहे. स्ट्रॅबोची माहिती गाळण्याची, टिंगल करण्याची आणि मध्येच स्वतःचं मत घुसवण्याची सवय भारताच्या भागात जशी दिसते, तशीच गॉलच्या भागातही दिसते.

पायरी ३ : मागची-पुढची पानं वाचा

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि नवखे लोक नेमकी हीच सोडतात. तुकड्यांचा संग्रह हाती आला की ओळीने तुकडे वाचत सुटतात. तसं करू नका. प्रत्येक तुकड्यासाठी वाहक लेखकाचं पुस्तक उघडा आणि निदान दोन-चार पानं मागे, दोन-चार पानं पुढे वाचा.

पोसिडोनिअसचंच उदाहरण घेऊ. केल्टांच्या जेवणाचं त्याचं वर्णन फार मजेदार आहे. ते गवत पसरून त्यावर बसतात, पुढ्यात जमिनीपासून थोडीच उंच अशी लाकडी मेजं. भाकरी थोडी, मांस भरपूर: पाण्यात शिजवलेलं, निखाऱ्यावर किंवा सळईवर भाजलेलं. खातात स्वच्छतेने, पण सिंहासारखे, अख्खा तुकडा दोन्ही हातांनी उचलून लचके तोडत. समुद्राकाठचे आणि नदीकाठचे लोक मासे भाजतात ते मीठ, व्हिनेगर आणि जिरं लावून, आणि जिरं ते पेयातही घालतात. श्रीमंत लोक इटलीहून किंवा मॅसिलियाहून, म्हणजे आजच्या मार्सेयहून, आलेली वाइन पितात. खालचे लोक मध घातलेली गव्हाची बिअर पितात. लुएर्निअस नावाचा एक सरदार तर लोकांना खूश करायला रथातून सोनं-चांदी उधळत जाई. एकदा मेजवानी संपल्यावर पोचलेला एक कवी त्याच्या रथामागे धावत त्याची स्तुती गाऊ लागला, तेव्हा त्याने सोन्याची थैली त्याच्याकडे फेकली. तुझ्या रथाच्या चाकोरीतून माणसांना सोनं उगवतं, असं कवी म्हणाला.

हे वाचून केल्ट म्हणजे खादाड, पिणारे आणि उधळे, असं चित्र मनात उभं राहतं. आता वाहक कोण ते बघा. हे सगळं टिकलं ते नॉक्रॅटिसच्या अथेनिअसच्या पुस्तकात. इसवी सन २०० च्या सुमारास लिहिलेल्या त्या १५ भागांत विद्वान मंडळी जेवायला बसली आहेत आणि जेवणाबद्दलच बोलत आहेत. चौथ्या भागात वेगवेगळ्या लोकांच्या मेजवान्यांचा विषय निघतो, तेव्हा त्यांनी पोसिडोनिअसच्या इतिहासातून जेवणच उचललं. पोसिडोनिअस तत्त्वज्ञ होता, भूगोल आणि भरती-ओहोटी यांचा अभ्यासक होता. केल्टांची शेती, कायदे, भांडणं याबद्दल त्याने काय लिहिलं असेल, त्यात अथेनिअसला रस नव्हता. आपल्यासमोरचा केल्ट जेवताना दिसतो, कारण त्याला आपण जेवणाच्या खोलीच्या दारातून पाहतो आहोत.

अजून पुढे वाचा. त्याच भागात पोसिडोनिअसचा दुसरा उतारा आहे: केल्ट जेवताना द्वंद्वयुद्ध करतात, मांडीचं मांस सर्वात शूर माणसाला मिळतं, त्यावर दुसऱ्याने हक्क सांगितला तर मरेपर्यंत लढतात. हा उतारा शेकडो पुस्तकांत ‘रानटी केल्ट’ म्हणून छापलेला असतो. पण अथेनिअसमध्ये त्याच्या जरा आधी दमास्कसच्या निकोलाउसचा तुकडा आहे. त्यात मेजवानीला ग्लॅडिएटर बोलावून एकमेकांना मारायला लावणारे आणि रक्त पाहून टाळ्या वाजवणारे लोक आहेत, आणि ते रोमन आहेत. जेवताना माणसं का लढतात, असा तिथे विषय चालला होता आणि केल्ट हे त्यातलं एक उदाहरण होतं. तुकड्यांच्या संग्रहात हे दिसत नाही, कारण निकोलाउस तिथे वेगळ्या क्रमांकाखाली, वेगळ्या पानावर गेलेला असतो.

पायरी ४ : तुकड्याची जात ओळखा

प्राचीन हस्तलिखितांत अवतरणचिन्हं नव्हती. ‘पोसिडोनिअस म्हणतो’ इथून सुरुवात कळते, पण त्याचं म्हणणं कुठे संपलं आणि वाहकाचं कुठे सुरू झालं, हे बरेचदा ठरवावं लागतं. भाषांतरात दिसणारी अवतरणचिन्हं भाषांतरकाराने घातलेली असतात. त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका.

मी साधारण तीन जाती करतो. पहिली, शब्दशः घेतलेला उतारा. व्याकरणकार आणि शैलीचे रसिक हा देतात, कारण त्यांना शब्दच हवे असतात. थोरला केटो या रोमन लेखकाच्या ‘ओरिजिनेस’ या हरवलेल्या इतिहासातलं एक प्रसिद्ध वाक्य असं उरलं आहे: गॉलचा बहुतेक भाग दोन गोष्टींच्या मागे मन लावून असतो, लढाई आणि चतुर बोलणं. ते ठेवलं चौथ्या शतकातल्या कॅरिसिअस या व्याकरणकाराने, व्याकरणाचं उदाहरण म्हणून. शब्द पक्के, पण केटो हे कौतुकाने म्हणत होता की टोमणा मारत होता, ते कळायला मार्ग नाही, कारण आजूबाजूची वाक्यं नाहीत.

दुसरी जात सारांशाची. व्हॅरो हा रोमन लेखक शेतीवरच्या पुस्तकात डुकरांवर लिहिताना केटोचा हवाला देतो की उत्तर इटलीतल्या इन्सुब्री केल्टांच्या मुलखात डुकरं इतकी माजतात की त्यांना उभंही राहवत नाही. इथे शब्द किती केटोचे, किती व्हॅरोचे, हा प्रश्न राहतोच. शिवाय त्याच वाक्यातल्या खारवलेल्या मांसाच्या आकड्यांपाशी हस्तलिखितांचा पाठ बिघडलेला आहे आणि संपादक निरनिराळ्या दुरुस्त्या सुचवतात. तिसरी जात नुसत्या उल्लेखाची: अमक्याने अमुक विषयावर लिहिलं होतं, एवढंच. लेखकाच्या आयुष्याबद्दलच्या अशा माहितीला अभ्यासक ‘साक्ष’ म्हणून वेगळी ठेवतात.

आणि वाहकाचा स्वभाव नोंदवायला विसरू नका. मॅसिलियाच्या पिथिअसने इ.स.पू. चौथ्या शतकात ब्रिटनपर्यंतचा समुद्रप्रवास केला. त्याचं पुस्तक गेलं. त्याच्याबद्दल बरंचसं कळतं ते स्ट्रॅबोकडून, आणि स्ट्रॅबो त्याला पहिल्या नंबरचा खोटारडा ठरवतो. शत्रूच्या तोंडून ऐकलेली गोष्ट तशीच ऐकायची: शिव्या बाजूला ठेवायच्या आणि शिवी देण्यासाठी त्याला काय काय सांगावं लागलं ते टिपायचं.

पायरी ५ : क्रमांकांची भाषा

लेखांत ‘याकोबी ८७ एफ १५’ असं काहीतरी दिसेल. घाबरायचं कारण नाही. फेलिक्स याकोबी या जर्मन विद्वानाने १९२३ पासून ग्रीक इतिहासकारांच्या तुकड्यांचा अवाढव्य संग्रह प्रसिद्ध करायला घेतला. त्यात प्रत्येक लेखकाला क्रमांक आहे. पोसिडोनिअस ८७, आपला मेगॅस्थेनिस ७१५. ‘टी’ म्हणजे साक्ष, ‘एफ’ म्हणजे तुकडा. वरचं जेवणाचं वर्णन म्हणजे ८७ एफ १५. याकोबीच्या आधी म्युलर यांचा पाच खंडांचा संग्रह होता (१८४१ ते १८७०), जुन्या पुस्तकांत त्याचे क्रमांक सापडतात. रोमन इतिहासकारांसाठी हेर्मान पेटर यांचा जुना संग्रह आणि २०१३ मध्ये ऑक्सफर्डने काढलेला, कॉर्नेल यांच्या संपादनाखालचा तीन खंडांचा नवा संग्रह. नव्या संग्रहात क्रमांक बदलले आहेत, म्हणून जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता जवळ ठेवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे संपादकाने काय घेतलं आणि काय सोडलं. पोसिडोनिअसच्या बाबतीत एडेलश्टाइन आणि किड यांनी नियम केला की ज्यात पोसिडोनिअसचं नाव आहे तेवढंच घ्यायचं. याकोबीने नाव नसलेले, पण त्याचे वाटणारे डायोडोरसचे मोठे भागही लहान टायपात दिले. टायलर यांनी १९८२ च्या आवृत्तीत हात आणखी सैल सोडला. एकाच हरवलेल्या पुस्तकाचे हे तीन वेगवेगळे आकार आहेत. तुम्ही कोणत्या संग्रहातून वाचताय त्यावर तुमचा पोसिडोनिअस केवढा, ते ठरतं.

पायरी ६ : नाव न घेता उतरवलेलं

हा भाग निसरडा आहे. डायोडोरसच्या पाचव्या भागात केल्टांवर सलग प्रकरणं आहेत आणि त्यांत पोसिडोनिअसचं नाव नाही. तरीही तो तिथे आहे, असं म्हणायला एक चांगला पुरावा आहे. स्ट्रॅबो पोसिडोनिअसचं नाव घेऊन सांगतो की केल्ट शत्रूंची मुंडकी घरी नेतात आणि दाराला टांगतात. पोसिडोनिअसने हे स्वतः पुष्कळ ठिकाणी पाहिलं, आधी शिसारी आली, मग सवयीने ते सहन होऊ लागलं. पुढे स्ट्रॅबो म्हणतो की बड्या शत्रूंची मुंडकी देवदाराच्या तेलात ठेवून पाहुण्यांना दाखवतात, आणि वजनाइतकं सोनं दिलं तरी परत देत नाहीत. डायोडोरसकडेही देवदाराचं तेल आहे, पाहुण्यांना दाखवणं आहे, वजनाइतकं सोनं आहे. इतक्या तपशिलांचा मेळ योगायोगाने बसत नाही.

पण म्हणून डायोडोरसचं सगळं प्रकरण पोसिडोनिअसचं होत नाही. अथेनिअसच्या तुकड्यात केल्ट गवतावर बसतात. डायोडोरसचे केल्ट लांडग्यांच्या नाहीतर कुत्र्यांच्या कातड्यावर बसतात. टिअर्नी यांनी १९६० मध्ये जोरदार मांडणी केली की सीझर, स्ट्रॅबो, डायोडोरस, अथेनिअस या सगळ्यांच्या मागे पोसिडोनिअसच आहे. १९७६ मध्ये डॅफ्नी नॅश यांनी ती मांडणी खिळखिळी केली: सीझर आठ वर्षं गॉलमध्ये होता, त्याला बघायला डोळे होते. दोन्ही लेख वाचा. मला नॅश यांची सावधगिरी जास्त पटते, पण टिअर्नींचा लेख वाचल्याशिवाय हा वाद एवढा का पेटला ते कळत नाही.

वहीत अशा जागांसाठी वेगळी खूण ठेवा. ‘नाव आहे’, ‘नाव नाही पण दुसरीकडे जुळतं’, ‘नाव नाही, नुसता अंदाज’. तिसऱ्या खुणेवर इमारत बांधायची नाही.

पायरी ७ : एक उदाहरण पुरतं करून बघा

तुकडा आणि त्याच्यावरून दुसऱ्याने रचलेलं लिखाण, असं दोन्ही हाती असलेली जागा फार क्वचित मिळते. टायटस मॅनलिअस हा रोमन तरुण आणि एक धिप्पाड गॉल यांचं द्वंद्व ही तशी जागा आहे. क्लॉडिअस क्वाड्रिगॅरिअस या इ.स.पू. पहिल्या शतकातल्या रोमन इतिहासकाराने ते लिहिलं. त्याचं पुस्तक गेलं, पण हा प्रसंग ऑलस गेलिअसने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आपल्या नवव्या भागात शब्दशः उतरवला, कारण त्याला ती साधी, जुनी, ताकदीची भाषा आवडली. फॅव्होरिनस हा तत्त्वज्ञ हा उतारा वाचताना म्हणे, की लढाई समोर पाहावी तसं मन हलतं. शैलीसाठी निवडलेला उतारा, म्हणून शब्दांवर भरवसा ठेवता येतो. (पेटरच्या संग्रहात तो १० बी.) लिव्हीने हाच प्रसंग आपल्या सातव्या भागात सांगितला, आणि त्याच्यासमोर क्वाड्रिगॅरिअस होता असं बहुतेक अभ्यासक मानतात.

आता दोन्ही शेजारी ठेवा. कागदाचे दोन उभे भाग करा आणि प्रसंग एकेक पाऊल लिहीत जा.

क्वाड्रिगॅरिअसचा गॉल उघडा आहे: अंगावर फक्त ढाल, दोन तलवारी, गळ्यात सोन्याचा पीळदार गोफ आणि हातात कडी. तो पुलावर येतो, हाताने सगळ्यांना गप्प करतो, लढायला कोण येतो ते या म्हणून ओरडतो. कोणी धजत नाही, तेव्हा हसतो आणि जीभ बाहेर काढून दाखवतो. मॅनलिअसला हा अपमान सहन होत नाही, तो पुढे होतो. ढालीने ढालीवर धडक देऊन गॉलचा तोल घालवतो, पुन्हा धडक देतो, तलवारीखालून आत घुसतो, छातीत आणि मग खांद्यात वार करतो. गॉल पडल्यावर त्याचं मुंडकं कापतो, रक्ताळलेला गोफ ओढून काढतो आणि स्वतःच्या गळ्यात घालतो.

लिव्हीकडे गॉल उघडा नाही. त्याच्या अंगावर रंगीबेरंगी कपडे आणि सोन्याच्या नक्षीची शस्त्रं आहेत. मॅनलिअस एकदम धावत नाही, आधी डिक्टेटरपाशी, म्हणजे संकटकाळापुरत्या नेमलेल्या सर्वाधिकाऱ्यापाशी, जाऊन परवानगी मागतो. वार पोटात आणि जांघेत बसतात. आणि मुंडकं? ते लिव्ही कापतच नाही. मॅनलिअसने प्रेताची कसलीही विटंबना केली नाही, फक्त गोफ घेतला, असं तो मुद्दाम सांगतो. जीभ मात्र ठेवतो, आणि जुन्या लोकांना हेही लक्षात ठेवण्याजोगं वाटलं, अशी किंचित ओशाळी पुस्ती जोडतो.

फरकांची यादी झाली की प्रत्येकापुढे ‘का’ लिहा. परवानगी मागणं: लिव्हीला शिस्त दाखवायची आहे. मुंडकं गाळणं: मुंडकी कापणं हे केल्टांचं काम, रोमन तरुणाच्या हाती ते शोभत नाही. क्वाड्रिगॅरिअसला मात्र त्यात वावगं वाटलं नव्हतं. दोन पिढ्यांच्या अंतरात रोमन माणसाला स्वतःची प्रतिमा किती घासूनपुसून हवी झाली, ते या एका वाक्यातून दिसतं. क्वाड्रिगॅरिअस उरला नसता तर आपल्याला त्याचा पत्ताही लागला नसता.

मग क्वाड्रिगॅरिअसचीही उलटतपासणी करा, नाहीतर जुनं ते खरं असं वाटायला लागतं. मॅनलिअसच्या हातात तो स्पॅनिश तलवार देतो. प्रसंग इ.स.पू. ३६१ चा, आणि रोमनांनी ती तलवार घेतली ती हॅनिबलच्या युद्धाच्या आसपास, दीडएकशे वर्षांनंतर. (लिव्हीनेही ती तशीच ठेवली.) गोफ आणि कडी घालून उघड्याने लढणारे योद्धे पॉलिबिअस इटलीत रोमन आणि केल्ट यांच्यात झालेल्या टेलॅमॉनच्या लढाईत दाखवतो, म्हणजे इ.स.पू. २२५ मध्ये. क्वाड्रिगॅरिअसने जुन्या प्रसंगात नंतरच्या युद्धांचे रंग भरले असावेत, ही शंका रास्त आहे. वर्षही पक्कं नाही: लिव्ही सहाव्या भागाच्या शेवटी सांगतो की क्लॉडिअस (म्हणजे क्वाड्रिगॅरिअस) हे द्वंद्व इ.स.पू. ३६७ मध्ये टाकतो, पण बाकीचे लेखक ते बरंच पुढे नेतात म्हणून आपण त्यांच्या मागे जातो. लिव्ही हा हिशेब साक्षीदार मोजून करतो. तुम्ही तसा करू नका, कारण एकमेकांचं बघून लिहिणारे दहा लेखक म्हणजे एकच साक्षीदार.

आकड्यांबद्दल थोडं

टेलॅमॉनच्या वेळी रोमची बाजू किती मोठी होती? पॉलिबिअस सात लाख पायदळ आणि सत्तर हजार घोडदळ सांगतो. बराच नंतरचा लेखक ओरोसिअस आठ लाख सांगतो आणि त्या युद्धात स्वतः असलेल्या फॅबिअस पिक्टर या रोमन इतिहासकाराचं नाव घेतो. फॅबिअसचा इतिहास हरवला आहे. हा आकडा रणांगणावरच्या फौजेचा नव्हे, सगळ्या इटलीत शस्त्र धरू शकणाऱ्या माणसांचा आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे गोंधळ टळतात.

पायरी ८ : जमिनीतला पुरावा विचारा

दक्षिण फ्रान्समध्ये आंत्रमाँ इथे खिळे ठोकलेल्या कवट्या सापडल्या. रोकपेर्ट्यूज इथे दगडी खांबांत कवट्या बसवायला कोनाडे आहेत. ले काइलार इथल्या इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या कवट्यांवर सूचिपर्णी झाडांच्या राळेचे अंश मिळाले, तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पोसिडोनिअस फिरला तो याच टापूत, मॅसिलियाच्या आसपास. म्हणजे मुंडक्यांची गोष्ट बनावट नव्हती.

पण सीमा पाळा. हा पुरावा र्‍होन नदीच्या मुखाजवळचा आहे. तो उचलून आयर्लंडला किंवा गॅलेशियाला लावायचा नाही. मांडीच्या मानाच्या वाट्यावरून भांडण मध्ययुगीन आयरिश कथांतही आहे, आणि पोसिडोनिअसपासून तिथपर्यंत सरळ रेघ ओढायचा मोह मोठमोठ्यांना झाला आहे. मध्ये निदान आठ-नऊशे वर्षं आणि एक समुद्र आहे.

भाषा आणि साधनं

ग्रीक-लॅटिन आल्याशिवाय सुरुवातच करू नये, हे मला पटत नाही. इंग्रजी भाषांतरांवर पहिली दोन वर्षं मजेत जातात. अट एकच: महत्त्वाच्या उताऱ्याची दोन वेगवेगळी भाषांतरं वाचा. ती जिथे जुळत नाहीत तिथे मूळात काहीतरी अडलंय, असं धरा. पुढे भाषा शिकायची झाली तर शाळेतलं संस्कृत कामी येतं. विभक्ती, वचनं आणि क्रियापदांची रूपं बघून तुम्ही दचकणार नाही.

डावीकडे मूळ आणि उजवीकडे इंग्रजी अशी छपाई असलेल्या लोब मालेचे जुने खंड कॉपीराइटमधून सुटले आहेत आणि इंटरनेट अर्काइव्हवर मिळतात. पर्सियस या डिजिटल ग्रंथालयात मूळ ग्रीक-लॅटिन मजकूर आहेत, शब्दावर क्लिक केलं की व्याकरणाची फोड दिसते. स्ट्रॅबोचा चौथा भाग, डायोडोरसचा पाचवा, पॉलिबिअसचा दुसरा, अथेनिअसचा चौथा आणि गेलिअसचा नववा, एवढे पाच भाग काढून ठेवले की वर्षाची बेगमी झाली. याकोबीचा नवा अवतार पैसे भरून वापरावा लागतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून प्रवेश मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी अडत नाही.

पहिला गृहपाठ

किओमारा. गॅलेशियातल्या ओर्टिआगॉन या सरदाराची बायको. इ.स.पू. १८९ मध्ये मॅनलिअस व्हल्सोच्या रोमन फौजेच्या हाती लागली. तिच्यावर अत्याचार करणाऱ्या सेंच्युरिअनला, म्हणजे रोमन सैन्यातल्या अधिकाऱ्याला, खंडणी देण्याच्या वेळी तिने आपल्या माणसांकडून मारवलं आणि त्याचं मुंडकं नवऱ्याच्या पायाशी नेऊन टाकलं. पॉलिबिअसने हे लिहिलं होतं, पण तो भाग सलग उरलेला नाही. आजच्या आवृत्त्यांत एकविसाव्या भागातली ती जागा प्लुटार्कच्या ‘स्त्रियांचे पराक्रम’ या लिखाणातून भरलेली असते. लिव्हीच्या अडतिसाव्या भागातही गोष्ट आहे, पण तिथे तिला नाव नाही. प्लुटार्क मात्र सांगतो की पॉलिबिअस सार्डिस शहरात तिला स्वतः भेटला, तिच्याशी बोलला.

प्लुटार्क आणि लिव्ही शेजारी ठेवा आणि सातव्या पायरीसारखे दोन रकाने करा. कोणत्या ओळी तिने स्वतः सांगितलेल्या असू शकतात, त्या वेगळ्या रंगाने अधोरेखित करा.